भिंत फिरायची थांबली की

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात :

"आमच्या चर्चच्या हॉलमधली एक लांब भिंत चार वर्षांपूर्वी आम्ही मंडळीतल्या चित्रकारांना मोकळी करून दिली. दोन महिने एका सभासदाची चित्रं, मग पुढच्याची, असं ठरलं. कल्पना माझी, त्यामुळे कामही माझ्याच गळ्यात पडलं. पहिली दोन वर्षं मजेत गेली. आता दोन प्रकरणांनी मी थकले आहे. एक ज्येष्ठ काका, आयुष्यभर संडे स्कूल चालवलेले. ते कॅलेंडरांवरून आणि जुन्या भेटकार्डांवरून चित्रं काढतात. मागच्या वेळी त्यांची चित्रं दोनऐवजी पाच महिने भिंतीवर राहिली, कारण 'काढा' म्हणायचा धीर मला झाला नाही. आता ते तिसऱ्यांदा भिंत मागताहेत. दुसरी एक तरुण मुलगी. तिनं आईच्या शेवटच्या आजारपणाची सहा चारकोल (कोळशाच्या कांडीनं काढलेली) चित्रं लावली : सुरकुतलेले हात, नाकातली नळी, पलंगाखालचं भांडं. 'उपासनेहून बाहेर पडताना माणसाला प्रसन्न वाटलं पाहिजे,' असं दोघातिघांनी बोलून दाखवलं. दुसऱ्याच रविवारी सकाळी मी हॉल उघडला तर त्यातली दोन चित्रं तोंड भिंतीकडे करून टांगलेली. मागच्या पुठ्ठ्यावर तिनं पेन्सिलीनं लिहिलेली तारीख तेवढी दिसत होती. कुणी केलं, ठाऊक नाही. तिनं सगळी चित्रं त्याच दिवशी घरी नेली. आता उपासना संपली की ती मागच्या दारानं निघून जाते. कमिटी म्हणते, निवड समिती नेमा, बाहेरचे कलाशिक्षक बोलवा, नाहीतर भिंत रंगवून तिथे वचनं लिहून टाका. सध्या खिडकीसमोर मुलांची जलरंगातली चित्रं लावून मी वेळ मारून नेली आहे. मी दर्जा सांभाळू की माणसं?"

उत्तर :

तुमचं पत्र संपलं आणि मी शेवटच्या वाक्यापाशीच अडले. 'दर्जा सांभाळू की माणसं?' हा प्रश्न असा बेतलेला आहे की कुठलंही उत्तर दिलं तरी दोष तुमच्याच पदरी. दर्जा निवडलात तर काकांचं मन मोडणार. माणसं निवडलीत तर 'तिथे काय, कुणीही काहीही लावतं' म्हणून चार वर्षांची मेहनत हसण्यावारी जाणार. हा प्रश्न मुळात तुमचा आहे का, याचीच मला शंका आहे. बहुतेक तो कमिटीच्या बैठकीतून तुमच्याबरोबर घरी आलाय.

तुमचंच पत्र पुन्हा वाचून बघा. काकांची चित्रं वाईट आहेत असं तुम्ही कुठेही म्हटलेलं नाही. ती कॅलेंडरवरून काढलेली आहेत आणि पाच महिने राहिली, एवढंच म्हटलंय. त्या मुलीचा हात कच्चा आहे अशी तक्रार तर कुणाचीच नाही. उलट ते सुरकुतलेले हात इतके नेमके उतरले असणार की कुणाला तरी त्यांच्यासमोर उभं राहवेना. म्हणजे एका प्रकरणात दर्जाचा विषय कुणी काढलाच नाही आणि दुसऱ्यात दर्जा होता म्हणूनच पंचाईत झाली. निवड समिती यातलं काय सोडवणार? कलाशिक्षकांनी तिची चित्रं डोळे झाकून निवडली असती आणि दुसऱ्या रविवारी ती तितकीच उलटी झाली असती.

मला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. ठरले होते दोन महिने. काकांना मिळाले पाच, तिला जेमतेम दोन आठवडे. फिरती भिंत फिरायची थांबली, तेव्हा ज्यांची भीड होती त्यांची चित्रं चिकटून राहिली आणि जिच्या पाठीशी कुणी नव्हतं तिची उतरली. तुमच्याकडे चित्र कधी लागणार हे ठरत होतं. कधी उतरणार हे मात्र माणूस बघून ठरत गेलं.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाहीये. हौशी चित्रकारांच्या एका गटाची भिंत मी बरीच वर्षं सांभाळली आहे, आणि ज्याच्या हातात हातोडी त्याच्यावरच सगळ्यांचा डोळा असतो हे मला चांगलं माहीत आहे. आमच्याकडे एका सद्गृहस्थांचा धबधबा होता. मोठा थोरला, सोनेरी चौकटीतला. महिन्याभरासाठी आला आणि राहिला. 'असू दे, काय बिघडतंय,' असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगायचा. शेवटी भिंती रंगवायच्या निघाल्या तेव्हा तो खाली आला आणि त्याच्या मागे मूळ रंगाचा एक स्वच्छ चौकोन उरला. भोवतालची भिंत तेवढ्या काळात मळून गेली होती, आमच्या कुणाच्या लक्षातही न येता. ते गृहस्थ त्या चौकोनाकडे बघत म्हणाले, "अहो, मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं, तुम्हाला हवंय." इतके दिवस आम्ही त्यांची भीड बाळगत होतो आणि ते आमची. काकांचंही तसंच असू शकतं, हे एकदा मनात धरून बघा.

बरं, वेळ झाली की भिंतीवरचं बदलायचं, ही काही चर्चला बाहेरून शिकायची गोष्ट नाही. आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), नाताळ, उपवासकाळ (ईस्टरआधीचे आठवडे), ईस्टर असं वर्ष फिरतं तसं कितीतरी चर्चमध्ये वेदीवरचं वस्त्रही फिरतं : जांभळं, पांढरं, हिरवं, लाल. काही परंपरांत उपवासकाळाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत क्रूस आणि मूर्तीसुद्धा कापडानं झाकतात. ऑस्ट्रियात गुर्क इथल्या कॅथीड्रलमध्ये १४५८ सालचा एक पडदा आहे. त्यावर बायबलमधले ९९ प्रसंग रंगवलेत, आणि तो केला तो फक्त उपवासकाळात वेदीपुढे टांगण्यासाठी. काळ संपला की घडी घालून आत. एवढ्या मेहनतीचं काम वर्षातले बहुतेक दिवस डोळ्यांआड राहणार, हे रंगवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग त्यात अपमान कसला?

आणखी एक उदाहरण सांगते. ते तुमच्या दोन्ही प्रकरणांना लागू पडतं, म्हणून जरा सविस्तर. फ्रान्समधल्या कोलमारच्या संग्रहालयात आज जी ईझेनहाइमची वेदी आहे, ती मॅथियास ग्रूनेवाल्डनं १५१२ ते १५१६ या काळात रंगवली. कपाटाच्या दारांसारख्या उघडमीट होणाऱ्या फळ्या. एरवी त्या मिटलेल्या असत, सणाला उघडत. उघडल्या की आत वाद्यं वाजवणारे देवदूत, मरियेच्या हातांत बाळ आणि उजेडाच्या गोळ्यात वर उठलेला ख्रिस्त. मिटल्या की बाहेर क्रूसावरचा ख्रिस्त : आकडी आल्यासारखी ताठरलेली बोटं, विद्रूप झालेले पाय, फिकट हिरवट कातडीभर काट्यांच्या जखमा. इतकं कठोर चित्र एरवीच्या दिवसांसाठी, आणि कुणासमोर? संत अंतोनीच्या नावानं चालणाऱ्या मठात, जिथे रोगी आणले जात. राय धान्यावरच्या बुरशीची विषबाधा झालेली माणसं, अंगाची आग आग होणारी, हातपाय कुजत चाललेली. त्यांच्यासमोर नुसतीच प्रसन्न चित्रं टांगली असती तर त्यांना बहुधा आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलोय असं वाटलं असतं.

'प्रसन्न वाटलं पाहिजे' म्हणणाऱ्यांना म्हणूनच विचारावंसं वाटतं : कुणाला? दर रविवारी त्या हॉलमधून जाणाऱ्यांत एखादी तरी बाई अशी असेल जिच्या घरी आत्ता, या घडीला, तसाच पलंग आहे आणि पलंगाखाली तसंच भांडं. ती ते कुणाशी बोलत नसेल. भिंतीवर ते दिसलं तर तिला काय वाटलं असतं, याचा अंदाज आपण तिच्या वतीनं करून टाकतो. आणि ज्या घराच्या दर्शनी भागात क्रूस आहे, तिथे वेदनेचं चित्र अस्थानी कसं, हेही मला नीट उमगलेलं नाही.

पण थांबा, दुसरी बाजूही खरी आहे. ज्याची आई मागच्या महिन्यात गेली, त्याला प्रार्थनेतून उठून दार उघडल्याबरोबर नाकातली नळी समोर नको असेल. चित्रं उलटी करणारा माणूस दुष्ट असेल असं आपण धरून चालतो. तो कदाचित असाच कुणी असेल, आणि त्या क्षणी त्याला दुसरं काही सुचलं नसेल. यावर उपाय मांडणीत आहे. अशी चित्रं बाहेर पडण्याच्या दारासमोर लावायची नाहीत. ती आतल्या कोपऱ्याकडे लावायची आणि अलीकडे हाताएवढा फलक : 'आईच्या शेवटच्या आठवड्यांची चित्रं'. ज्याला जायचंय तो जाईल, ज्याला नाही तो वळेल. उपासनेला आलेल्या माणसानं तिकीट काढलेलं नसतं. चित्र बघायचं की नाही हे ठरवायला त्याला चार पावलांची जागा हवी.

कमिटीतल्या जुन्या मंडळींची अस्वस्थता सगळीच काही संकुचितपणाची असते असंही नाही. चर्चमध्ये चित्र असावं का, या प्रश्नावर ख्रिस्ती जग शतकानुशतकं भांडलंय. ७८७ साली निकाया इथे भरलेल्या चर्चच्या धर्मपरिषदेनं पवित्र चित्रांना मान द्यायला संमती दिली. १५२४ साली, धर्मसुधारणेच्या काळात, स्वित्झर्लंडच्या झुरिकमधल्या चर्चमधून चित्रं आणि मूर्ती काढून टाकल्या गेल्या. दोघांसमोर दहा आज्ञा त्याच होत्या, 'मूर्ती करू नको' हीसुद्धा. तुमची मंडळी या वाटेवर नेमकी कुठे उभी आहे ते पाळकसाहेबांना विचारा, आणि एक रेघ स्पष्ट ओढून घ्या : उपासनागृहात काय असावं हे ते ठरवतील, हॉलच्या भिंतीवर सभासदांची चित्रं राहतील. ही रेघ नसली की हॉलमधल्या साध्या फुलदाणीच्या चित्रावरही कुणीतरी धर्मशास्त्र काढतं.

आता चित्रं उलटी कुणी केली. शोधू नका. सापडलं तर काय करणार आहात? इ.स. ६०० च्या सुमारास मार्सेचा बिशप सेरेनस यानं आपल्या चर्चमधली चित्रं फोडून टाकली, कारण लोक त्यांची पूजा करायला लागले होते. पोप ग्रेगरीनं त्याला जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा : चित्रांची पूजा होऊ नये ही तुमची कळकळ रास्त आहे, पण फोडायला नको होती. ज्यांना अक्षर वाचता येत नाही ते भिंतीवरून वाचतात. कळकळीला मान आणि कृतीला नकार, दोन्ही त्याच माणसाला. तुम्हीही तेच करा, नाव न घेता. रविवारच्या सूचनांमध्ये पाळकसाहेबांनीच सांगावं : 'हॉलमधलं एखादं चित्र कुणाला त्रासदायक वाटलं तर अमुक दोघांशी बोलावं, ते ऐकून घेतील. चित्राला कुणी हात लावू नये. चित्र ठरलेल्या तारखेपर्यंत राहील.' तुम्ही स्वतः सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर ते भांडण ठरेल, त्यांनी सांगितलं तर रीत.

निवड समितीचं आणखी थोडं. पॅरिसमध्ये १८८४ साली काही चित्रकार तिथल्या प्रस्थापित वार्षिक प्रदर्शनाच्या परीक्षकांना कंटाळून एकत्र आले आणि 'परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत' या तत्त्वावर स्वतःचं प्रदर्शन भरवलं. ते पुढे वर्षानुवर्षं चालत राहिलं. परीक्षक नसले म्हणजे गोंधळच होतो असं नाही, एवढंच मला यातून घ्यायचंय. आणि तुमच्याकडे तर नापसंती ही पोस्टानं येणारी चिठ्ठी नसेल. ज्याला नाकारलं तो पुढच्या रविवारी शेजारच्या बाकावर गीतपुस्तक उघडून बसलेला असेल. बाहेरचे कलाशिक्षक निकाल देऊन घरी जातील, तुम्हाला तिथेच बसायचंय. निवड नको, मर्यादा घाला. किती चित्रं, केवढी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि एकदा भिंत मिळाली की यादीतले सगळे होईपर्यंत पुन्हा नाही. हा शेवटचा नियम काकांच्या तिसऱ्या मागणीचं उत्तर आपोआप देतो, तोंड न वाईट करता. कुठलं चित्र कुठे टांगायचं एवढा अधिकार मात्र तुमच्याकडे ठेवा आणि त्यावर वाद घालू देऊ नका. मांडणी मतदानानं होत नाही. मी करून पाहिलंय. चार तास गेले आणि एक खिळा ठोकला गेला नाही.

काकांशी बोलायचंय ते असं बोला : "काका, मागच्या वेळी मी तारीख पाळली नाही, चूक माझी झाली. त्यामुळे तिघांच्या पाळ्या पुढे गेल्या. आता यादी लावतेय, तुमचं नाव तिच्यात आहे, पण रांगेत." एवढंच. चित्रांबद्दल अवाक्षर नको, कारण प्रश्न चित्रांचा नाहीच.

कॅलेंडरवरून काढण्याचं म्हणाल, तर नक्कल करणं ही चित्रकलेतली सगळ्यात जुनी शाळा आहे. लूव्र संग्रहालय १७९३ साली उघडलं तेव्हापासून तिथे चित्रकार चित्र ठेवायचा लाकडी घोडा मांडून नकला करत आलेत. आजही करतात. एक अट अशी की नक्कल मूळ चित्राच्या मापाची नसावी, म्हणजे एकाच्या जागी दुसरं खपवता येऊ नये. तुम्हीही प्रामाणिकपणाची एक अट घाला : चिठ्ठीवर 'अमुक चित्रकाराच्या चित्रावरून' किंवा 'जुन्या कॅलेंडरवरून' असं लिहायचं. मूळ चित्रकार हयात असेल, किंवा त्याला जाऊन फार वर्षं झाली नसतील, तर हक्कांचा प्रश्न येतो. अशी नक्कल विकायची तर नाहीच, आणि तिचे फोटोही पसरवायचे नाहीत.

पण काकांबाबत मला दुसरीच उत्सुकता आहे. आयुष्यभर संडे स्कूल चालवलेल्या माणसानं मुलांसाठी काय काय काढलं असेल! पुठ्ठ्यावरचं नोहाचं तारू, पौलाच्या प्रवासाचे नकाशे, कडा झिजलेली गोष्टीची चित्रं. असतील की नसतील, माझा हा नुसता तर्क. पण एकदा विचारा. माणसं अशा गोष्टी कपाटावर टाकून देतात आणि 'चित्र' म्हणून कॅलेंडरचं दाखवतात, कारण त्यांच्या मते चित्र म्हणजे चौकटीतलं. त्यातलं काही निघालं तर त्यांची पुढची पाळी तीच करा. त्या वर्गात बसलेली अर्धी मंडळी आज पन्नाशीत असेल. ती भिंतीसमोरून हलणार नाहीत.

व्यवहाराचं आता भरभर सांगते, कारण हे इतर मंडळ्यांनाही लागेल. प्रत्येक चित्रकाराबरोबर एक कागद भरा. त्यावर नाव, प्रत्येक चित्राचं शीर्षक, माध्यम, माप, लावायची तारीख, काढायची तारीख आणि दोघांच्या सह्या. चित्र आलं त्या दिवशी पुढून-मागून फोटो काढून ठेवा. चौकटीच्या कोपऱ्यावर ओरखडा आधीचा की नंतरचा, या वादाइतका कडवट वाद दुसरा नाही. चर्चचा विमा असेल तर तो सभासदांच्या वस्तूंना लागू आहे का, हे विचारून घ्या आणि नसेल तर त्या कागदावर तसं स्पष्ट लिहा. चित्र विकत दिलं तरी ते छापण्याचा हक्क (कॉपीराइट) चित्रकाराकडेच राहतो, तेव्हा चर्चच्या पत्रकात फोटो छापायचा तरी विचारून. किमतीच्या चिठ्ठ्या भिंतीवर नकोत. विकायचं असेल तर एका फाईलमध्ये यादी ठेवा आणि पुढचा व्यवहार हॉलबाहेर त्यांचा त्यांनी करावा. चर्चला काही भाग द्यायचा का, हे कमिटीनं आधी ठरवावं. पहिलं चित्र विकलं गेल्यावर ठरवायला बसू नये.

टांगण्याबद्दल दोनच गोष्टी. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. बहुतेक संग्रहालयं याच्या आसपासच ठेवतात. पुढच्या पाळीला चाकाच्या खुर्चीतले किंवा लहान मुलं जास्त असणार असतील तर खाली घ्या. आणि प्रत्येक पाळीला नवे खिळे ठोकू नका. वर एक लोखंडी पट्टी कायमची बसवून तिच्यावरून तारा सोडल्या की चित्र वरखाली, डावी-उजवीकडे सरकतं आणि भिंतीची चाळण होत नाही. खर्च एकदाच. कमिटीला भिंत रंगवण्यासाठी पैसे काढायचेच असतील तर या पट्टीवर काढू देत.

उतरवायचा दिवस हा लावायच्या दिवसाइतकाच ठळक करा. शक्य असेल तर दोन्ही एकाच सकाळी : जाणारा चित्रकार आपली चित्रं उतरवतोय आणि येणारा शेजारी पुठ्ठे सोडतोय. जाणारा येणाऱ्याला हातोडी देतो. यात तुम्ही कुणाला 'काढा' म्हणायची वेळच येत नाही. आणि तुमची स्वतःची पाळीही संपू द्या. चार वर्षं झाली. वर्षाला एक असं संयोजक बदलत जा. जाताजाता एक विचारते, उत्तर नाही दिलंत तरी चालेल : या चार वर्षांत तुमचं स्वतःचं एखादं चित्र त्या भिंतीवर लागलं का? पत्रात कुठे दिसलं नाही म्हणून.

राहिली ती मुलगी. तिच्याकडे भिंतीचं आमंत्रण घेऊन जाऊ नका. 'परत लाव' म्हटलंत की तिला ऐकू येईल, 'आमचं वाईट दिसतंय, ते मिटव.' 'लोकांना कळत नाही गं' असंही म्हणू नका. ते लोक म्हणजे तिचीच मंडळी आहे. एकट्या जा. जे झालं ते झालं म्हणा : तुझी चित्रं आमच्या हॉलमध्ये होती, ती सांभाळायची जबाबदारी माझी होती, मी सांभाळली नाही. मग गप्प बसा. तिला बोलायचं असेल तर ती आईबद्दल बोलेल, चित्रांबद्दल नाही. ते ऐका. निघताना, वाटलंच तर, एवढं सांगा की ठरलेल्या दोन महिन्यांतला दीड महिना तिचा शिल्लक आहे. तो यादीत तिच्या नावावर राहील. यंदा, पुढच्या वर्षी, कधीच नाही, हे तिचं ती ठरवेल. तिनं नाही म्हटलं तरी यादीतलं नाव खोडू नका.

आणि ती परत आणणार असेलच, तर काच आणि माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) लावूनच घ्या. चारकोल काचेला टेकता कामा नये. माउंटच्या जाडीएवढी फट राहिली पाहिजे, नाहीतर सगळी पूड काचेवर उतरते. मागे पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखांवर चुकूनही लेबल चिकटवू नका.

ता. क. मुलांची जलरंगातली चित्रं खिडकीसमोर लावलीत असं लिहिलंय, ती आजच हलवा. कागदावरच्या जलरंगाला संग्रहालयं ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपासच उजेड देतात, तैलरंगाला साधारण २०० पर्यंत. खिडकीतल्या दिवसाच्या उजेडापुढे हे आकडे काहीच नाहीत, आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. मी एकदा एका आजोबांचा जांभळा डोंगर असाच घालवलाय. दोन महिन्यांनी चित्र उतरवलं तेव्हा माउंटखाली झाकलेली कड तेवढी जांभळी होती.